एक युरोचा रविवार: म्युनिकमध्ये चित्रं बघायला लागले त्याची गोष्ट

मास्टर्सला म्युनिकला निघाले तेव्हा माझी कलेतली मजल म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा. स्थिरचित्रात तांब्या आणि दोन वांगी, संकल्पचित्रात वर्तुळात बसवलेली फुलं-पानं, दोन्हीला सी ग्रेड, आणि त्यानंतर पोस्टर कलर्सचा डबा माळ्यावर गेला तो गेलाच. मी मूळची चिंचवडची, डिग्री मेकॅनिकलची, घरात चित्र म्हणजे देवघरातल्या तसबिरी आणि दरवर्षीचं कॅलेंडर. नंतर इथे येणाऱ्या काही ज्युनियर्सनी विचारलं की तू हे म्यूझियमचं कुठून सुरू केलंस, आम्ही गेलो तर अर्ध्या तासात कंटाळा आला. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय, कागदपत्रांच्या कटकटीसकट, कारण ती वगळली तर पुढचं समजणार नाही.

तर २०२२. अॅप्लिकेशनसाठी युनी-असिस्टकडून (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणारी जर्मन संस्था) व्हीपीडी नावाचा मार्कांच्या पडताळणीचा कागद लागायचा, त्याचे ७५ युरो. जुलैमध्ये अॅडमिशन आली. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच बँकेत अडकवून ठेवायचे, तेव्हा १०,३३२ युरो भरावे लागायचे, म्हणजे सव्वाआठ लाखांच्या वर, बाबांनी एफडी मोडली. (आता हाच आकडा ११,९०४ आहे, म्हणजे महिन्याला ९९२. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याचा दाखला) कंपल्सरी झालंय, त्याचे १८,००० रुपये वेगळे. मी त्यातून जेमतेम सुटले.) व्हिसाची फी ७५ युरो, पण खरा त्रास अपॉइंटमेंटचा. स्लॉट उघडतात का बघत रोज सकाळी लॅपटॉपपुढे बसायचं, चहा गार व्हायचा. पासपोर्ट हातात आला सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि लेक्चर्स सुरू होणार ऑक्टोबरच्या मध्यात. टिप एवढीच की तिकीट रिफंडेबल काढा, दोनपाच हजार जास्त गेले तरी चालतील.

हॉस्टेलच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव टाकलं होतं, ते अनेक सेमिस्टर पुढेच सरकत राहिलं. खोली मिळाली म्युनिकच्या मोझाख भागात, सबलेट, हीटिंगसकट ६२० युरो. आणि तो हिवाळा नेमका युक्रेन युद्धानंतरचा, गॅसचे भाव भडकलेले, त्यामुळे घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हीटरचा नॉब दोन नंबरच्या वर न्यायचा नाही. मी पुण्याच्या थंडीला थंडी म्हणणारी मुलगी. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार, खोलीत दोन स्वेटर घालून असाइनमेंट करायची, आणि रविवारी तर गावच बंद. अक्षरशः बंद, कारण तिथे रविवारी दुकानं उघडी ठेवायला कायद्यानेच परवानगी नाही, भाजीसुद्धा शनिवारी संध्याकाळपर्यंत आणून ठेवावी लागते.

अशात डिपार्टमेंटच्या ग्रुपवर एका सीनियरने टाकलं की रविवारी पिनाकोथेक (चित्रांचं म्यूझियम) एक युरोत, शिवाय आत उबदार असतं. आमच्या युनिव्हर्सिटीचा (टेक्निकल युनिव्हर्सिटी, टीयूएम) मेन कॅम्पस आर्सिसश्ट्रासवर आणि आल्टे पिनाकोथेक अगदी समोर, रस्ता ओलांडला की पोचलं. मी महिनाभर त्या इमारतीसमोरून जात होते आणि ते एखादं सरकारी ऑफिस असावं असं धरून चालले होते.

खरं सांगते, मी ऊब मिळते म्हणून गेले. पुढचे बरेच रविवार त्याच कारणासाठी गेले. यात काही लपवण्यासारखं नाही, चित्रांसाठी तिथलं तापमान वर्षभर सांभाळावंच लागतं, त्याचा फायदा माणसांनाही होतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, ए-फोर कागदापेक्षा मोठी असेल तर लॉकरमध्ये टाकायची, लॉकरला नाणं लागतं आणि ते परत मिळतं, म्हणून एक आणि दोन युरोची नाणी खिशात ठेवा. ओली छत्रीही बाहेरच. आत गेलं की समोर एक लांबच लांब जिना. ही इमारत १८३६ ची, लिओ फॉन क्लेन्झेची, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने मधोमध फुटली. ती पाडून टाकावी असंही चाललं होतं, पण हान्स ड्योलगास्ट या आर्किटेक्टने जिथे भिंत पडली होती तिथे साध्या उघड्या विटा लावून ती उभी केली आणि १९५७ मध्ये पुन्हा उघडली. बाहेरून बघितलं तर कुठे जखम झाली होती ते आजही स्पष्ट दिसतं. हे मला चित्रांच्या आधी आवडलं, दुरुस्ती केली आणि ती लपवली नाही.

चित्रं मात्र पहिल्या दिवशी डोक्यावरून गेली. एका हॉलमध्ये रुबेन्स या चित्रकाराचं शेवटच्या न्यायाचं (जगाच्या अंती देव करतो तो निवाडा) चित्र आहे, उंची सहा मीटर, वरून खाली नुसती उघडी माणसं कोसळतायत, आणि क्लेन्झेने हॉलची उंची या चित्राच्या मापाने धरली होती म्हणतात. बघून दडपायला झालं, आवडलं वगैरे काही नाही. बाकी खोल्याखोल्यांतून क्रूस, रक्त, आई आणि बाळ, दाढीवाले संत. एका तासात पाय दुखायला लागले. म्यूझियममध्ये चालून जितकं दमायला होतं तितकं ट्रेकला होत नाही, हे लिहून ठेवा.

डिसेंबरमध्ये एक गोष्ट लक्षात आली आणि तिथून जरा रस्ता सापडला. आपल्याकडे उंदीर दिसला की गणपती, हातात वीणा असली की सरस्वती, हे कोणी शिकवत नाही, आपसूक कळतं. त्यांच्या ख्रिस्ती संतांचंही तसंच आहे. हातात किल्ली असलेला म्हातारा म्हणजे पीटर. मोडकं दातेरी चाक घेतलेली बाई म्हणजे कॅथरीन. जवळ सिंह बसलाय तो जेरोम. अंगात बाण घुसलेत तो सेबास्टियन, आणि लोखंडी जाळी घेतलेला लॉरेन्स, त्याला त्या जाळीवर भाजून मारलं होतं. एवढ्या पाच-सहा खुणा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून घेतल्या तर अर्धं म्यूझियम अनोळखी राहत नाही. मी मग खोलीत शिरले की आधी कोण कोण आलंय ते ओळखायचे, लग्नाच्या हॉलमध्ये नातेवाईक शोधतो तसं. ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे चार प्रेषित (१५२६) त्यातूनच ओळखीचे झाले, पीटरची किल्ली आणि पॉलची तलवार, मग त्यांचे झगे, मग त्या झग्यांच्या घड्या, पांढऱ्या कापडात निळसर सावली कशी टाकलीय वगैरे.

आईला फोनवर सांगितलं की आज परत म्यूझियमला गेले होते.

"तेच?"

"तेच."

"अजून संपलं नाही?"

बाबा मागून म्हणाले, "नव्वद रुपयांत हीटर मिळतोय तर जाऊ दे की तिला."

जानेवारी २०२३ मध्ये आल्टडोर्फर भेटला. आल्ब्रेख्त आल्टडोर्फर, चित्राचं नाव आलेक्झांडरची लढाई, साल १५२९. आकाराने फार मोठं नाही, साधारण दीड मीटर बाय सव्वा मीटर, पण त्यात हजारो माणसं असावीत असं वाटतं. इसवी सन पूर्व ३३३ ची इस्ससची लढाई, आलेक्झांडर विरुद्ध इराणचा सम्राट दारायस, पण सैनिकांच्या अंगावर चिलखतं मात्र चित्रकाराच्या काळातली, सोळाव्या शतकातली. मी त्याच्यासमोर उभी राहिले ते आधी मुद्दाम म्हणून नाही, त्या खोलीत गर्दी कमी होती. मग दिसलं की वर आकाशात एक पाटी टांगलीय आणि तिच्या खालून दोरीचं एक गोंड्याचं टोक लोंबतंय, त्या टोकाची सरळ रेषा खाली नेली की बरोबर आलेक्झांडरपाशी येते. म्हणजे या एवढ्या भाल्यांच्या जंगलात माणसाने कुठे बघायचं याची सोय करून ठेवलीय. आलेक्झांडर घोड्यावर, पुढे दारायस रथातून पळतोय, मागे वळून बघतोय. उजवीकडे सूर्य बुडतोय, डावीकडे वर चंद्रकोर. आणि मागचा समुद्र-डोंगर म्हणजे नुसता देखावा नाही, नकाशा आहे, भूमध्य समुद्र, सायप्रस, नाईलचं मुख, जणू विमानातून दक्षिणेकडे बघतोय. १५२९ मध्ये विमान कुठून आणलं या माणसाने?

मी एवढी पुढे वाकले की अलार्म बीप झाला आणि सुरक्षारक्षक काकू कोपऱ्यातून "आब्श्टांड, बिट्टे" (अंतर ठेवा) म्हणाल्या. पुढे त्या मला ओळखायला लागल्या आणि मी खोलीत शिरले की नुसतं बोट वर करायच्या.

इंजिनियर माणसाला कलेत शिरायचं असेल तर माझ्या मते हा दरवाजा सगळ्यात सोपा: चित्राचा अर्थ काय हे विचारूच नका, केलं कसं ते विचारा. ब्रश किती बारीक असेल, आधी आकाश केलं की आधी भाले, पांढरा रंग शेवटी लावलाय का, लाकडावर आहे की कॅन्व्हासवर. अर्थ मागून येतो, नाही आला तरी तिकीट वसूल होतं. माझी एक जर्मन बॅचमेट म्हणायची की हे म्हणजे गाणं ऐकताना स्पीकर उघडून बघण्यासारखं आहे. असेल. पण तिला शाळेपासून दरवर्षी म्यूझियमला नेलंय, मला नेलं होतं शनिवारवाड्यावर आणि तिथेही आम्ही पकडापकडी खेळलो.

फेब्रुवारीत परीक्षा, तेव्हा रविवार बंद केले आणि आठवड्यात मधल्या दिवशी जायला लागले, कारण संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असण्याचा एखादा वार असतो, गर्दी जवळपास नसते. त्या दिवशी एक युरो नाही, स्टुडंट तिकीट लागतं, पण कॉफी आणि केकच्या पैशांत होतं. नियम केला होता, चाळीस मिनिटं आणि एकच खोली. घड्याळ बघून बाहेर. हा नियम ज्याला सांगते तो हसतो आणि मग तोच करतो.

एप्रिलमध्ये लेनबाखहाउस या दुसऱ्या म्यूझियमला गेले, तेही चालत दहा मिनिटांवर. इथे मोठी अडचण आली, कारण आल्टडोर्फरला "बापरे किती मेहनत" म्हणता येतं, पण फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराच्या निळ्या घोड्याला काय म्हणायचं? १९११ चं चित्र, घोडा निळा, डोंगर लाल-जांभळे, मान खाली घालून उभा. मला वाटलं हे तर इंटरमिजिएटला मीही केलं असतं. खोटं कशाला बोला, बराच काळ असंच वाटत होतं.

बदललं ते त्या चित्रांबरोबर काय काय झालं हे वाचल्यावर. १९ जुलै १९३७ ला याच म्युनिकमध्ये, हॉफगार्टन बागेच्या कडेला, नाझींनी "विकृत कला" नावाचं प्रदर्शन भरवलं होतं, आधुनिक चित्रं वेडीवाकडी टांगून, भिंतींवर टिंगल लिहून, लोकांनी हसावं म्हणून. वीस लाखांहून जास्त लोक आले. आदल्याच दिवशी काहीशे मीटरवर त्यांच्या पसंतीच्या कलेचं नवं भव्य दालन उघडलं होतं, तिकडे त्याहून बरेच कमी लोक गेले. मार्कचं निळ्या घोड्यांच्या मनोऱ्याचं चित्र त्या टिंगलीच्या प्रदर्शनात होतं. मार्क स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये व्हर्दूनला जर्मन सैन्याकडून लढताना मेला होता, म्हणून माजी सैनिकांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि ते उतरवलं. पुढे ते चित्र गायब झालं, अजून सापडलेलं नाही. आणि लेनबाखहाउसमध्ये जे आज भिंतीवर दिसतं त्यातलं बरंचसं गाब्रिएले म्युंटर या चित्रकर्तीने मुर्नाउ गावातल्या आपल्या घराच्या तळघरात लपवून ठेवलं होतं म्हणून वाचलं. त्यात कान्डिन्स्की या रशियन चित्रकाराची कितीतरी चित्रं होती, ज्याने तिला सोडून दुसरीशी लग्न केलं होतं. १९५७ मध्ये तिने ८० व्या वाढदिवशी हे सगळं शहराला देऊन टाकलं.

त्यानंतर निळा घोडा टिंगलीसारखा दिसेना. आवडायला मात्र अजून काही महिने लागले, आणि आवडला तो रंगामुळे, गोष्टीमुळे नाही. नोव्हेंबरच्या करड्या दुपारी त्या खोलीत शिरलं ना, की तो निळा रंग अंगावर येतो. फोटोत काहीच येत नाही, फोन खिशात ठेवा.

१ मे २०२३ पासून ४९ युरोचं डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल-रीजनल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास, सुरू झालं (आता महाग झालंय) आणि लगेच मुर्नाउ गाठलं, म्युनिकहून रीजनल ट्रेनने साधारण तासभर. म्युंटरचं घर फक्त दुपारी उघडं असतं, सकाळी जाऊन उपयोग नाही. घरातला लाकडी जिना कान्डिन्स्कीने रंगवलाय, कठड्याच्या बाजूने वरवर धावणारे घोडेस्वार आणि फुलं. तो माणूस मॉस्कोत कायदा-अर्थशास्त्र शिकलेला, शिकवण्याची नोकरी चालून आली होती, आणि तिशीत ते सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला आला. माझ्या बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, ब्लॉक्ड अकाउंट कोणी भरलं?

आता माझा खरा वळणाचा भाग. म्युनिकच्या मेन स्टेशनजवळ तुर्की दुकानं आहेत, तिथे कोथिंबीर-मिरच्या स्वस्त मिळतात, आणि तिकडे जाताना एक गल्ली लागते, सेनेफेल्डरश्ट्रास. किती महिने त्या पाटीखालून पिशव्या घेऊन गेले. जुलैमध्ये ट्रामची वाट बघताना शोधलं की हा सेनेफेल्डर कोण, तर आलोइस सेनेफेल्डर, लिथोग्राफी म्हणजे दगडावरून छपाई (शिळाछाप) शोधून काढणारा माणूस. नाटकं लिहायचा, ती छापायला पैसे नव्हते, म्हणून स्वस्त छपाईच्या मागे लागला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की १७९६ मध्ये घरात कागद नव्हता आणि आईला धुण्याच्या कपड्यांची यादी करायची होती, म्हणून त्याने ती तेलकट शाईने दगडावर लिहिली, आणि तिथून खटपट सुरू झाली. दगड बव्हेरियातलाच, झोल्नहोफेनचा चुनखडक. तत्त्व इतकंच की तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग शाई झिडकारतो. कोरायचं काहीच नाही, सगळी केमिस्ट्री. हे म्हणजे माझ्या भाषेत बोलणं झालं.

आणि मग पुढचं वाचलं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत लिथोग्राफी प्रेस काढली, यंत्रं आणि कारागीर जर्मन, पुढे प्रेस मळवलीला गेली आणि फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने ती विकत घेऊन चालवली. मळवली! लोहगड-विसापूरला जाताना चिंचवडहून पहाटेची लोकल पकडून जिथे आम्ही उतरायचो, वडापाव खायचो, ते मळवली. दादासाहेब फाळक्यांनीही या प्रेससाठी काम केलं, मग लोणावळ्याला स्वतःची छपाई काढली आणि १९०९ मध्ये तीनरंगी छपाईचं तंत्र आणायला जर्मनीला आले होते. मी रात्री आईला व्हिडिओ कॉल केला आणि देवघरातली आजीच्या वेळची लक्ष्मीची तसबीर उतरवायला लावली. आई म्हणाली रात्रीची देव हलवू नको, तरी उतरवली. चष्मा लावून, फ्रेमच्या खालच्या कडेला काचेवरची हळद पुसून, अक्षरं लावत वाचलं: "रवि वर्मा प्रेस... कारला... लोणावळा."

त्यानंतर मला छापलेली चित्रंच बघायची होती. म्युनिकमध्ये राज्याचा ग्राफिक संग्रह आहे, काथारिना-फोन-बोरा-श्ट्रास १० वर, सुमारे चार लाख कागद, ड्रॉइंग आणि प्रिंट. हे कायम भिंतीवर नसतात कारण उजेडाने कागद खराब होतो. पण अभ्यासिकेत आधी कळवून कोणीही मूळ कागद मागवू शकतं. कोणीही म्हणजे खरंच कोणीही, कलेचा विद्यार्थी असायची अट नाही. मला हे खरं वाटेना, म्हणून ईमेल लिहायलाच आठवडा घेतला. जर्मनमध्ये लिहिला, बी-वन पातळीच्या मोडक्या जर्मनच्या बळावर: मी कोण, काय बघायचंय, कशासाठी. कशासाठीच्या पुढे "स्वतःच्या आवडीसाठी" लिहिलं आणि वाटलं आता नाही म्हणतील. दोन आठवड्यांनी तारीख आली, ऑक्टोबर २०२३.

ही इमारत म्हणजे पूर्वी नाझी पक्षाचं प्रशासकीय कार्यालय, आणि युद्धानंतर, नाझींनी लुटलेली चित्रं गोळा करून मालकांना परत पाठवण्याचं केंद्र अमेरिकनांनी इथेच ठेवलं होतं. आत शिरताना छाती जरा धडधडते. ओळखपत्र दाखवायचं, बॅग-कोट बाहेर, हात धुवायचे, पेन बंद, फक्त पेन्सिल. मग एक जण खोका घेऊन येतो आणि कागद टेबलावर ठेवतो. काच नाही. मधे काहीच नाही. सुरुवातीच्या काळातले लिथोग्राफ मागवले होते, आणि त्याबरोबर ड्यूररचा १५१५ चा गेंडा, वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेला. हा गेंडा आपल्याकडचा, गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिला, गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूररने तो डोळ्यांनी बघितलाच नव्हता, कोणाच्या पत्रावरून आणि स्केचवरून काढला, त्यामुळे खांद्यावर एक जादा शिंग आहे आणि अंगावर चिलखतासारख्या प्लेट्स. वरच्या मजकुरात सालही १५१३ असं चुकीचं छापलंय. नाकापासून वीतभर अंतरावर तो कागद, आणि बाजूने बघितलं तर लाकडी ठशाच्या दाबाने कागद किंचित दबलेला दिसतो. पाचशे वर्षांपूर्वीचा दाब. तासभर कसा गेला कळलं नाही, आणि फी शून्य.

नोव्हेंबरमध्ये लिथोग्राफीच्या वीकेंड वर्कशॉपला नाव दिलं, वेटिंग लिस्ट, नंबर लागला मार्च २०२४ मध्ये. दोन दिवसांचे १६० युरो आणि कागद-शाईचे २० वेगळे, म्हणजे माझं महिन्याचं सगळं बाहेर खाणं गेलं. पहिले तीन तास फक्त दगड घासणं, दगडावर पाणी आणि कार्बोरंडमची (घासायची खरखरीत) पूड टाकायची आणि वरून दुसरा दगड आठच्या आकड्यात फिरवायचा. खांदे भरून आले. घासल्यावर त्याला बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा छापलं जातं. मी लोहगडचा विंचूकाटा (गडाची लांब माची) काढला, छापताना उलटा येतो म्हणून ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर पालथं धरून. मग डिंक आणि त्यात नायट्रिक अॅसिडचे थेंब, ते लावून ठेवायचं.

आणि मग शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या दगडावर टर्पेंटाइन ओतलं आणि फडक्याने चित्र पुसून टाकलं. सगळं. चार तासांची मेहनत, दगड जवळपास कोरा. माझा चेहरा बघून बाकीचे हसले. त्यांनी ओला स्पंज फिरवला, रोलरवर शाई घेतली आणि एकदा, दोनदा, तीनदा फिरवली, आणि दरवेळी विंचूकाटा थोडा थोडा वर आला, आधी तटाची कड, मग गवत. तत्त्व मला पाठ होतं, समीकरण लिहून दिलं असतं. तरी तोंडातून "अगं बाई" निघालं, मराठीतच.

जून २०२४ मध्ये आईबाबा आले. टूरिस्ट व्हिसासाठी त्यांनी स्वतःचेच सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि आयटीआर लावले, माझ्याकडे विद्यार्थी म्हणून हमी द्यायला पगार नव्हता. ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतो. त्यांची फी ८० युरोत बसली, ११ जूनपासून ती ९० झाली. रविवारी दोघांना आल्टे पिनाकोथेकला नेलं. मी ठरवलं होतं काहीच समजावून सांगायचं नाही. बाबा, चाकणला टूलरूममध्ये आयुष्य गेलेले, आल्टडोर्फरसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, याला भिंग लागलं असणार. आई ड्यूररच्या स्वतःच्या चित्रासमोर गेली, १५०० सालचं, वय २८, समोरून, लांब केस, फरचा कोट आणि हात छातीशी. दोन मिनिटं बघून म्हणाली, "हा स्वतःला देव समजतो का गं?" त्या चेहऱ्याची ठेवण त्याने मुद्दाम ख्रिस्ताच्या चित्रांसारखी केली असं अभ्यासक लिहितात. मला ते वाचायला लागलं होतं. मग तिने ती फर बघितली आणि म्हणाली थंडी फार दिसते इथे.

थीसिस त्याच वर्षी संपला, नंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, ती वेगळीच लढाई आहे, त्यावर नंतर लिहीन. आता येणाऱ्यांसाठी बदललेल्या गोष्टी: २०२४-२५ च्या विंटर सेमिस्टरपासून आमच्या युनिव्हर्सिटीत युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी आहे, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो, त्यामुळे माझं बजेट बघून हिशेब करू नका. नोए पिनाकोथेक २०१८ च्या शेवटापासून दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यातली निवडक चित्रं इतर म्यूझियम्समध्ये लावतात. एक युरोचा रविवार पिनाकोथेक डेर मोडेर्न, ब्रांडहॉर्स्ट आणि ग्लिप्टोथेक या जवळच्या म्यूझियमनाही आहे, पण एका दिवशी दोन करू नका. दुपारी गर्दी होते, उघडतानाच जा. नाणं ठेवा, पेन्सिल ठेवा, मोजे जाड घाला. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.